पेटी आधी की कान आधी?

ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि दुसऱ्या दिवशी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. त्या दोन दिवसांत आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये कारखान्यांच्या भोंग्यांपेक्षा टाळमृदंगाचा आवाज मोठा असतो. पालखी पुण्याकडे गेली की आठवडाभरात कोणी ना कोणी पालक मुलाला घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "सर, याला एखादे वाद्य शिकवायचे म्हणतो. सोपे कोणते? पेटी घेऊ की कीबोर्ड?"

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, संगीत नव्हे. चाळिशी उलटल्यावर बासरी हाती धरली. अजून विद्यार्थीच आहे. तरीही 'ध्वनी' हे प्रकरण वीस वर्षे शिकवीत असल्यामुळे लोक मला विचारतात, आणि माझेही या प्रश्नावर एक ठाम मत झाले आहे. ते मत सर्वांना पटणारे नाही. संगीताच्या काही शिक्षकांनाही ते पटत नाही. म्हणून आधी ते का झाले ते सांगतो. पटले तर घ्या.

आमच्याच इमारतीत एक आठवीतला मुलगा राहतो. त्याचे वडील चाकणच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतात. गेल्या दिवाळीला बोनस मिळाला, त्यातून त्यांनी मुलासाठी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणला. मुलाने मोठ्या हौसेने सुरुवात केली. कोणती पट्टी कोणत्या क्रमाने दाबायची याचे आकडे त्याने वहीत उतरवून घेतले आणि दोन गाणी महिन्याभरात वाजवली. शाळेच्या स्नेहसंमेलनात मात्र समूहगीताच्या वेळी त्याला मागच्या रांगेत उभे केले आणि सांगितले, "तू फक्त ओठ हलव, तुला सूर नाही." होळीपर्यंत कीबोर्ड खोक्यात बंद होऊन माळ्यावर गेला. वडील मला म्हणाले, "आमच्या घराण्यातच सूर नाही हो सर. मलाही कान नाही. उगाच पैसे गेले."

पैसे गेले याचे मला फारसे वाटले नाही. एका तेरा वर्षांच्या मुलाबद्दल कायमचा निकाल लागला, याचे वाटले. आणि हा निकाल चुकीचा आहे असे माझे म्हणणे आहे.

आता थोडा विचार करू. कीबोर्डची पट्टी दाबली की स्वर निघतो. तुम्ही हलकेच दाबा, जोरात दाबा, डोळे मिटून दाबा. त्याची उंची ठरलेलीच असते. पेटीचेही तसेच आहे. पेटीत पितळेच्या बारीक जिभा असतात. भात्याची हवा लागली की त्या कंप पावतात. प्रत्येक जिभेची कंपनसंख्या कारागिराने ती घासून आधीच ठरवलेली असते. म्हणजे स्वर शोधण्याचे काम कारागिराने केलेले असते आणि वाजवणाऱ्याने फक्त योग्य वेळी योग्य जिभेला हवा द्यायची असते.

माझ्या प्रयोगशाळेत दरवर्षी दोन-चार विद्यार्थी असे सापडतात की जे लंबकाचा प्रयोग न करताच, उत्तर ९८० यावे अशा बेताने निरीक्षणे लिहून मोकळे होतात. वही सुंदर दिसते. पण लंबक हातात दिला आणि "वीस आंदोलने मोज" म्हटले की पहिले आंदोलन कोठून धरायचे हेच त्यांना कळत नाही. पट्टीच्या वाद्यावर सुरुवात करणाऱ्या नवशिक्याचे मला असेच वाटते. उत्तर बरोबर येते, पण ते त्याने काढलेले नसते. आठवीतल्या आमच्या मित्राला 'ग' ही पट्टी कोणती हे ठाऊक होते. 'ग' कसा ऐकू येतो हे कोणी विचारलेच नव्हते. मग समूहगीतात, जिथे पट्टी नाही, तिथे तो काय करणार?

म्हणून माझे मत असे: वाद्य कोणतेही शिका, पण आधी कान तयार करा. आणि पहिले वाद्य निवडायला मोकळीक असेल, तर ज्यात स्वर आपला आपल्याला लावावा लागतो असे निवडा.

"पण कान असा तयार होतो का? तो तर जन्मजात असावा लागतो ना?" असे तुम्ही विचाराल. त्यासाठी एक प्रयोग करू. याला खर्च काही नाही.

अरुंद तोंडाच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. दोन्हींत सारखेच, साधारण अर्ध्यापर्यंत पाणी भरा. एक तुम्ही घ्या, एक बहिणीला किंवा भावाला द्या. बाटलीच्या तोंडावर ओठ टेकवून आडवी फुंकर मारली की खर्जातला 'हूऽऽ' असा आवाज येतो. हा आवाज आतली हवा मागेपुढे कंप पावल्यामुळे येतो; आतली हवा जितकी कमी, तितकी कंपने जलद. आता दोघांनी एकदम फुंका. मग एका बाटलीत चमचाभर पाणी घाला आणि पुन्हा एकदम फुंका. या वेळी आवाज सलग न येता 'वँव-वँव-वँव' असा लाटांसारखा उठताना आणि पडताना ऐकू येईल. पाणी थोडे-थोडे कमी-जास्त करा. लाटा संथ होत जातील, आणि एका क्षणी थांबतील.

या लाटांना विस्पंद म्हणतात. समजा एक बाटली सेकंदाला २४० कंपने देते आणि दुसरी २४३. काही क्षणी दोन्हींची कंपने बरोबरीने पडतात आणि आवाज मोठा होतो. थोड्याच वेळात ती एकमेकांविरुद्ध पडतात आणि आवाज लहान होतो. हे सेकंदाला तीनदा घडते, कारण २४३ वजा २४० बरोबर ३. दोन्ही कंपनसंख्या एक झाल्या की विस्पंद शून्य. 'सूर जुळला' असे जे गवई म्हणतो, त्यातला पहिला भाग हाच आहे.

लक्षात घ्या, येथे तुम्हाला 'सुरेल' म्हणजे काय हे कोणी सांगितले नाही. तुम्ही लाटा मोजल्या, त्या कमी केल्या आणि शून्यावर आणल्या. ज्याला लाटा मोजता येतात त्याला स्वर जुळवता येतो. मग यात जन्मजात काय उरले? काही थोड्या माणसांना स्वरांतला फरक खरोखरच कळत नाही, हे शास्त्रज्ञांनी तपासून पाहिले आहे. पण अशी माणसे फार थोडी. स्वतःला 'बेसूर' म्हणवणारे बहुतेक लोक त्यांतले नसतात. त्यांना ऐकायला कोणी शिकवलेले नसते, इतकेच.

आमच्या शेजाऱ्यांचेच पाहा. "मला कान नाही" म्हणणारा हा माणूस कारखान्यात काय करतो? यंत्राच्या अंगावर स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेकवतो, मूठ कानाच्या हाडाला लावतो आणि सांगतो, "या बेअरिंगचे दिवस भरले. आठवडाभरात बदला." शेजारी दहा यंत्रांचा गोंगाट चालू असताना त्यांना एका बेअरिंगची बदललेली घरघर वेगळी ऐकू येते. भोसरीच्या वर्कशॉपांत असे कितीतरी कान आहेत. ते कोणी जन्मतः घेऊन आले नव्हते. पंधरा-वीस वर्षे रोज लक्ष देऊन ऐकल्यामुळे ते तयार झाले. ज्या घरात असा कान आहे त्या घराने "आमच्यात सूर नाही" म्हणावे, याचे मला नवल वाटते.

आता तानपुऱ्याकडे वळू. चार तारांचा तानपुरा मुलांना सर्वांत कंटाळवाणे वाद्य वाटते, कारण त्यावर गाणे वाजत नाही. परंतु कान तयार करण्याचे यंत्र म्हणून त्याच्या तोडीचे दुसरे काही नाही. आपल्या मिरजेचे कारागीर पिढ्यान्पिढ्या तानपुरे आणि सतारी बनवीत आले आहेत. २०२४ साली त्यांच्या या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तानपुऱ्याची तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा रुंद व किंचित गोलसर असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये एक दोरा सरकवून ठेवतात. ही जवारी. तिच्यामुळे तारेचा आवाज नुसता एकेरी न राहता त्यातले दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येचे उपस्वर खुलून ऐकू येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली याच वैशिष्ट्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते.

चांगला जुळलेला तानपुरा ऐकताना एक गंमत कळते. त्यात षड्जाच्या तारा असतात, पंचमाची असते. गांधाराची तार नसतेच. तरीही थोडा वेळ शांत बसले की गांधार ऐकू येऊ लागतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो आला कोठून? षड्जाच्या पाचव्या उपस्वरातून. सा २४० धरला तर पाचवा उपस्वर १२००. दोन सप्तके खाली आणण्यासाठी त्याला चाराने भागा: ३००. म्हणजे निसर्गाने दिलेला गांधार षड्जाच्या बरोबर सव्वापट आहे.

आता कीबोर्डचा गांधार काढू. त्यात सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. प्रत्येक स्वर मागच्या स्वराच्या सुमारे १.०५९५ पट. सा पासून शुद्ध ग चार पायऱ्या वर, म्हणून तो सुमारे १.२६ पट, म्हणजे ३०२.४. फरक फक्त २.४ कंपनांचा. पण त्या ग चा चौथा उपस्वर १२०९.६ आणि सा चा पाचवा उपस्वर १२००. या दोघांत सेकंदाला नऊ-दहा विस्पंद पडतात. कीबोर्डवर सा आणि ग एकदम दाबून ऐकलेत तर जी बारीक थरथर जाणवते तिचे कारण हेच. पंचम मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखा येतो: ३६० आणि ३५९.६.

हा फरक आपल्या मराठी माणसांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी मोजला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टरच्या नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. गवई गातात ते स्वर नेमके कोणत्या कंपनसंख्येचे, हे त्यांनी तारेची लांबी मोजून ठरवण्याचा ध्यास घेतला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी त्यांच्या प्रयोगांसाठी स्वर लावून दिले. १९१० साली देवलांनी बावीस श्रुतींवरची आपली पुस्तिका इंग्रजीत प्रसिद्ध केली, आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या सहकार्याने या मापांवर जुळवलेली श्रुती-हार्मोनियमही तयार करवून घेतली. त्यांच्या निष्कर्षांवर त्या वेळी वाद झाले, आजही होतात. पण त्यांची पद्धत पाहा: आधी कानाने ऐकले, मग मापाने तपासले. विज्ञानाची आणि संगीताची शिस्त येथे एकच आहे.

पुढे १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत कायम राहिली. मीड काढता येत नाही, श्रुती नेमक्या लागत नाहीत, असे आक्षेप होते. म्हणून मी पेटीच्या विरुद्ध आहे असे समजू नका. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी याच पेटीला महाराष्ट्रात मान मिळवून दिला. भजन, नाट्यसंगीत, साथसंगत यांचे पेटीवाचून पान हलत नाही. पण टेंबे यांची बोटे पेटीवर फिरत होती तेव्हा त्यामागे घडलेला कान होता. पेटीत काय नाही हे ज्याला ऐकू येते, त्याच्या हाती पेटी गाते. माझे भांडण पेटीशी नाही; कानाआधी बोटे चालवण्याशी आहे.

येथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी दहा वर्षांचा असताना वडिलांनी मला आळंदीच्या कार्तिकी यात्रेतून एक बासरी घेऊन दिली. मी ती महिनाभर फुंकली. सर्व छिद्रे बंद केली की आवाज छान यायचा, पण सूर चढवीत गेलो की काहीतरी बिनसायचे. ओळखीचे गाणे ओळखू येईना. घरात हसू झाले. मी बासरी पेटाऱ्यात टाकली आणि मला सूर नाही ही गोष्ट पाढ्यासारखी पाठ करून टाकली. बारा वर्षांनी एम.एस्सी. करताना सुटीत घर आवरताना ती सापडली. ती मी प्रयोगशाळेत नेली आणि तिचे स्वर मोजले. सर्व छिद्रे बंद असताना कंपनसंख्या सुमारे ५२० आली. त्याला सा मानले, तर खालची दोन छिद्रे उघडल्यावर त्याच्या सव्वापट, म्हणजे ६५० यायला हवी होती. आली ६८४. शुद्ध मध्यम ६९३ ला लागतो. म्हणजे माझ्या बासरीचा गांधार ना गांधार होता, ना मध्यम. दोघांच्या मध्ये कोठेतरी लोंबकळत होता.

पट्टी लावून पाहिले तेव्हा कारणही सापडले. बासरीचा स्वर नळीतल्या कंप पावणाऱ्या हवेच्या लांबीवर ठरतो. सा साठी ती लांबी ६० धरली तर रे साठी सुमारे ५३.३, ग साठी ४८, म साठी ४५ आणि प साठी ४० हवी. अंतरे पाहा: ६.७, ५.३, ३, ५. ती सारखी नाहीत. म्हणून कारागीर छिद्रांच्या जागा आणि त्यांचे लहान-मोठे आकार, दोन्ही सांभाळून एकेक स्वर कानाने जुळवतो. माझ्या बासरीला कोणीतरी तापलेल्या सळईने समान अंतरावर समान भोके पाडली होती. यात्रेत विकणाऱ्या त्या गरीब माणसाला मी दोष देत नाही. त्याने खेळणे विकले होते. पण दहा वर्षांच्या मुलाने ते वाद्य समजून फुंकले, आणि दोष स्वतःच्या माथी घेतला. विशेष म्हणजे काहीतरी बिनसते आहे हे त्या मुलाला ऐकू येत होते! ज्याचा कान चांगला होता त्यालाच बेसूर ठरवले गेले, आणि ठरवणारा मीच होतो.

म्हणून सांगतो, वाद्य बिघडलेले की आपण चुकतो आहोत, हे जाणत्या माणसाकडून आधी तपासून घ्या. महागडे वाद्य नको, पण जुळलेले हवे.

"आम्हाला सुरापेक्षा ताल आवडतो, पखवाज किंवा तबला शिकायचा आहे," असे तुमच्यापैकी काही म्हणतील. फार चांगले. आमच्या या पट्ट्यात तर त्याची सोय जुनी आहे. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. तेव्हापासून तेथे खेड्यापाड्यांतली मुले कीर्तनाबरोबर मृदंगही शिकतात. चिखली, मोशी, भोसरी, चाकण अशा गावठाणांतून भजनी मंडळे आहेत, आणि एखादा उत्साही मुलगा जाऊन बसला तर त्याला सहसा कोणी हाकलत नाही. पण ताल शिकणाऱ्याचीही कानापासून सुटका नाही. पखवाजाच्या उजव्या तोंडाला शाई असते, डाव्याला वाजवण्यापूर्वी कणीक लावतात, आणि गठ्ठे ठोकून उजवे तोंड स्वरात आणावे लागते. साध्या चामड्याच्या तोंडाचे उपस्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० पट असे वेडेवाकडे येतात. त्यामुळे साध्या ढोलाला निश्चित सूर नसतो. मृदंगाच्या आणि तबल्याच्या शाईमुळे तेच उपस्वर दुप्पट, तिप्पट, चौपट असे जवळजवळ ओळीत बसतात, आणि चामडे तारेसारखे गाऊ लागते. ही गोष्ट रामन यांनी १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात मांडली. आपल्या कारागिरांनी ती हाताने आणि कानाने कितीतरी आधी साधली होती.

तर मग सुरुवात कशी करावी? मला सुचतो तो क्रम सांगतो.

पहिले तीन महिने वाद्य विकत घेऊ नका. रोज दहा मिनिटे तानपुऱ्याच्या आवाजाबरोबर सा लावा. खरा तानपुरा नसला तर मोबाईलवरचा चालेल. कीबोर्ड घरात असेल तर त्याची सा ची पट्टी धरून ठेवा. ओठ मिटून गुणगुणलात तरी चालते. स्वर मुद्दाम किंचित खाली-वर करा आणि थरथर ऐका, मग ती घालवा. सा जमला की पंचम, मग गांधार.

दुसरी दहा मिनिटे तालाला द्या. टाळीने आणि खालीने सोळा मात्रांचा त्रिताल धरा. टाळ मिळाले तर उत्तम. त्यापेक्षा स्वस्त, टिकाऊ आणि गुणी पहिले वाद्य मला ठाऊक नाही. दोन वाट्या सहसा तंतोतंत सारख्या नसतात, म्हणून त्यांचा आवाज लहरतो. ते विस्पंदही ऐका.

तीन महिन्यांनी वाद्य निवडा, आणि शक्य तर आधी उसने घ्या. गुरू शोधा. पुस्तकातून आणि चित्रफितीतून बरेच कळते. पण तुमचे मनगट कोठे आखडते, श्वास कोठे तुटतो, हे समोर बसलेल्या माणसालाच दिसते. वाजवायला बसण्यापूर्वी वाद्य स्वतः जुळवा, दहा मिनिटे गेली तरी चालतील. मोबाईलवर कंपनसंख्या दाखवणारी काटेवाली साधने मिळतात. ती वापरा, पण आधी कानाने ठरवा आणि मग काटा पाहा. गणित सोडवल्यावर पुस्तकाच्या शेवटचे उत्तर पाहतो, तसेच.

रोज थोडे करा. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे अधिक उपयोगी पडतात, कारण शिकलेली हालचाल मेंदूत मुरायला मधला वेळ आणि झोप लागते. आणि सावकाश करा. वेगात केलेली चूक बोटे तितक्याच इमानाने लक्षात ठेवतात.

आमच्या भागात एक अडचण खरीच आहे. घर दोन खोल्यांचे, वडील नाइट शिफ्ट करून दिवसा झोपलेले, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे तान्हे मूल. अशा घरात पेटी कशी वाजवणार? यावर आपल्या परंपरेतच तोड आहे. तबल्याचे बोल हातावर टाळी देत तोंडाने हळू म्हणायचे. याला पढंत म्हणतात, आणि मोठमोठे तबलावादकही ती करतात. गुणगुणणे शेजाऱ्याला ऐकू जात नाही. बाकी रियाजासाठी देऊळ, शाळेची मोकळी वर्गखोली किंवा गच्ची शोधा. अडचण आहे म्हणून कानाचा अभ्यास अडत नाही. उलट पहिल्या तीन महिन्यांचा माझा अभ्यासक्रम मुळातच बिनआवाजाचा आहे.

या मतावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की, तीन महिने नुसता सा लावायला सांगितला तर मूल कंटाळून पळून जाईल. कीबोर्डवर निदान पहिल्याच आठवड्यात गाणे वाजते आणि हुरूप येतो. यात तथ्य आहे. ज्यांना तसा हुरूप हवा त्यांनी जरूर एखादे गाणे वाजवावे. पण प्रत्येक ओळ वाजवण्यापूर्वी ती गुणगुणून पाहावी, आणि मग पट्टी दाबावी. बोटाने कानाच्या मागून चालावे, पुढून नव्हे, एवढेच माझे मागणे आहे.

दुसरा आक्षेप दहावीचा. नववी संपली की घराघरांतून वाद्ये माळ्यावर जातात. संगीताने गणितात गुण वाढतात असे सांगून पालकांचे मन वळवण्याचा प्रयत्न काही जण करतात. मी तसे सांगणार नाही, कारण त्याला खात्रीचा पुरावा नाही. वाद्य शिकल्याने वाद्य येते. तेच पुरेसे आहे. दिवसाच्या वीस मिनिटांनी कोणाची दहावी बुडत नाही. आणि सूर जुळल्याचा आनंद ज्याने एकदा घेतला, तो पुढे कारखान्यात जावो की प्रयोगशाळेत, ते त्याच्याबरोबर राहते.

आमच्या शेजाऱ्यांच्या गोष्टीचा शेवट अजून झालेला नाही. परवा रविवारी मी बापलेकांना घरी बोलावले आणि दोन बाटल्या पुढे ठेवल्या. मी आणि मुलगा फुंकत होतो, वडील नुसते ऐकत होते. मी चमचाभर पाणी घातले. मुलगा कपाळाला आठ्या घालून ऐकू लागला, तेवढ्यात वडील म्हणाले, "आता मार खातेय ते. सेकंदाला चार." मी मोबाईलवर तपासले, चारच होते. मग मुलाने बाटली माझ्या हातून घेतली, पाणी थेंबाथेंबाने काढले आणि तिसऱ्या प्रयत्नात लाट थांबवली. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहून वडील काही बोलले नाहीत. संध्याकाळी जिन्यात माळ्यावरून खोके उतरवल्याचा आवाज आला. तो मुलगा गायक होईल का, मला ठाऊक नाही. पण 'तुला सूर नाही' हे वाक्य त्याने आता तपासून पाहिले आहे, आणि ते खोटे निघाले आहे.

तुम्हीही दोन बाटल्या घ्या. घरातल्या ज्या माणसाबद्दल "याला कान नाही" असे बोलले जाते, त्याला प्रथम ऐकवा. त्याने किती विस्पंद मोजले, ते मला या मासिकाच्या पत्त्यावर अवश्य कळवा.